चूर्णाची जाहिरात आणि आमचं खुलं लायसन्स

"सायली, ही तूच आहेस ना?"

आमचे मॅनेजर काळे सर यांनी स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर आधी एक डबा गोल फिरत आला. मधुमेहावर हमखास गुणकारी चूर्ण. मग माझा चेहरा. निळा कुर्ता, गळ्यापाशी माइक. मी म्हणत होते, "मी स्वतः रोज वापरते. काहीच त्रास नाही. खरंच फरक पडतो." मग पुन्हा डबा आणि ऑर्डरसाठी फोन नंबर.

मला मधुमेह नाही. ते चूर्ण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आवाज मात्र माझाच होता. मी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला, कारण पहिल्यांदा मला काही समजलंच नाही.

आमची कंपनी अमरावतीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मी टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे बिघडू शकतं ते आधीच शोधणं, हे माझं काम. हा व्हिडिओ अकोल्याच्या एका डॉक्टरांनी पाठवला होता. ते आमचे क्लायंट. त्यांनी खाली काही लिहिलं नव्हतं, फक्त एक प्रश्नचिन्ह.

"हे बंद होईपर्यंत तू अकोल्याच्या हॉस्पिटलच्या साइटवर जायचं नाही," काळे सर म्हणाले. ते रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

हे वाक्य मी म्हटलं होतं, यात खोटं काही नाही. पण ते जुन्या लॅपटॉपवर टाकलेल्या एका मोफत सॉफ्टवेअरबद्दल म्हटलं होतं.

आम्ही काही जण मिळून अकोल्याच्या एका लोकल केबल चॅनलसाठी ओपन सोर्सवर कार्यक्रम करायचं ठरवलं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याची आतली रचना सगळ्यांसाठी उघडी असते असं सॉफ्टवेअर. कोणीही घ्यावं, हवं तसं बदलावं, पुढे द्यावं. पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले ढोले सर आमचे पुढारी. अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारे इम्रानभाई प्रश्न विचारणार. माझ्याकडे रनडाउन, म्हणजे कार्यक्रमात कशानंतर काय येणार त्याचा आराखडा. मला तेवढंच हवं होतं. कॅमेऱ्यासमोर मी बोलत नाही. चार माणसांसमोरही फारशी बोलत नाही.

पण पहिल्या भागाचे पाहुणे चांदूर रेल्वेहून आलेच नाहीत. स्टुडिओ मिळाला होता फक्त त्या दिवसापुरता. "तू बस," ढोले सर म्हणाले. मी बसले. घाबरलेला माणूस छोटी वाक्यं बोलतो. छोटी वाक्यं कापायला सोपी असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नियोजनाच्या मीटिंगमध्ये आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला होता तो लायसन्सवर. आपण केलेली वस्तू लोकांनी कशी वापरावी याची परवानगी म्हणजे लायसन्स. खुल्या सॉफ्टवेअरचा कार्यक्रमही खुलाच हवा, हे ढोले सरांचं म्हणणं. इम्रानभाईंनी विचारलं होतं, "सर, कुणी आपला प्रोग्राम उचलून विकला तर?"

"विकू दे ना! अट घातली की ते खुलं राहत नाही."

शेवटी दोनच अटी ठेवल्या. मूळ करणाऱ्यांची नावं द्यायची. आणि त्यातून नवीन काही बनवलं तर तेही सगळ्यांसाठी तसंच खुलं ठेवायचं. कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं की हा कार्यक्रम कोणीही वापरू, बदलू आणि विकू शकतो. आम्हाला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि ढोले सर एसटीने अकोल्याला गेलो. स्टुडिओ जठारपेठेत, एका साडीच्या दुकानाच्या वर. इम्रानभाई जिन्यातच थांबले होते. चॅनलचे मालक इंगळेभाऊ आम्हाला पाहून खूश झाले. त्यांनी चहा सांगितला.

"पाह्यली काय वो मॅडम जाहिरात? एक नंबर आली तुमी! साडूचं चूर्ण हाय माह्या. डबे चालले न आता धडाधड."

"तुम्ही विचारलं नाही आम्हाला," ढोले सर म्हणाले.

इंगळेभाऊंना खरंच आश्चर्य वाटलं. त्यांनी आमचाच भाग लावला, शेवटी नेला आणि आमची पाटी स्क्रीनवर थांबवली. "तुमीच तं लिवलं सर. वापरा, बदला, विका. मी म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाचे लोक हायत. अन् आता काहून विचारून राहिले?"

ढोले सरांचं तोंड उघडं राहिलं. इम्रानभाई खिडकीबाहेर पाहू लागले. मी हळू आवाजात म्हटलं, "मला त्यातून काढून टाका." कोणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात ढोले सर सावरले होते आणि त्यांना मुद्दा सापडला होता.

"पण अट मोडली तुम्ही! नावं कुठे आहेत? मूळ करणाऱ्यांची नावं द्यायची, हे स्पष्ट लिहिलंय!"

"नाव पायजे?" इंगळेभाऊ म्हणाले. "बस, येवढंच? देऊन टाकतो न बापा. माफ करा, चुकलंच आमचं."

सर जिना उतरताना समाधानी दिसत होते. "पाहा, माणूस ऐकतो. नियम समजावून सांगावा लागतो." इम्रानभाई दुकान उघडायला निघून गेले. बसमध्ये मला सारखं वाटत होतं की कुठेतरी काहीतरी फार चुकलंय. टेस्टिंगमध्येही असंच होतं. एरर आधी जाणवते, मग दिसते.

दिसली. त्याच आठवड्यात जठारपेठेतून रेखामावशीचा फोन आला. ती माझ्या आईची मोठी बहीण. एकटी राहते, दिवसभर केबल लावून ठेवते.

"काय वं सायली, आधी नाही सांगतलं मले? मी तं दोन डबे मागोलेही."

मी म्हटलं, "मावशी, ती जाहिरात खोटी आहे."

"खोटी कशी? पह्यले मलेही वाटलं, दुसरीच पोट्टी हाय तुह्यासारखी. मंग काल खाली नाव आलं न तुहं. पूर्ण नाव, अमरावती. म्हटलं, हे तं आपलीच."

माझ्या नावाची ती पट्टी आम्ही मागून घेतली होती.

"मावशी, तुझी शुगरची गोळी?"

"बंद केली न. दोन-दोन औषधं कायले घ्याची? तूच तं म्हणते, काही त्रास नाही."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मग मी तिला आजच्या आज डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ती म्हणाली, सिरियल संपली की पाहते.

मी ढोले सरांना फोन केला नाही. ते मुद्दे मांडत बसले असते. थेट इंगळेभाऊंना लावला.

"भाऊ, माझी मावशी गोळी सोडून बसलीय. माझं ऐकून."

"कोणती मावशी? अकोल्यातली?"

"हो. तुमचंच कनेक्शन आहे तिच्याकडे."

"अवो मॅडम, त्याच्यात नुसती मेथी अन् जांभळाच्या बिया हायत. गोळी सोडा म्हनून कुठी सांगतलं आमी?"

"मी सांगितलं. तुमच्या जाहिरातीत. अजून किती जणांनी सोडली असेल, माहीत आहे तुम्हाला?"

इंगळेभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी जाहिरात उतरवली. दोन दिवसांनी मी त्यांना पुन्हा फोन केला आणि आमचा नवीन भाग लावाल का, असं विचारलं. आमच्या लायसन्सप्रमाणे त्यांची जाहिरातही आता खुली होती. ती घेऊन, कापून मी दुसरा भाग बनवला होता. कोणतं वाक्य कुठून उचललं आणि कुठे जोडलं, ते दाखवणारा. शेवटी मी कॅमेऱ्यात बघून सांगते की हे चूर्ण मी कधी घेतलेलं नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी गोळी बंद करू नये.

"म्हंजे माहीच जाहिरात माह्यावरच?" ते हसले, पण थोडंच. "लावा. माह्या साडूचं नाव नका घेऊ फक्त."

नाव घेतलं नाही. रविवारी सकाळी भाग लागला. इम्रानभाईंच्या दुकानात लोकांनी तो पाहिला. प्रश्नचिन्ह पाठवणाऱ्या त्या डॉक्टरांनी तो आपल्या वेटिंग रूममध्ये लावायला परवानगी मागितली, जी लायसन्सप्रमाणे लागतच नव्हती. काळे सरांनी मला पुन्हा अकोल्याच्या साइटवर पाठवलं. भाग पाहून मावशीनेही गोळी सुरू केली असेल, सगळं मिटलं असं मला वाटलं.

साइटवरचं काम संपवून मी मावशीकडे गेले. तिनेही भाग पाहिला होता. डबा ओट्यावर उघडाच होता, बाजूला चमचा.

"मावशी, पाहिलंस ना? मग?"

"पाह्यलं न. चांगली बोलली. पण बाई, तवाही तू टीव्हीवरच सांगतलं, अन् आताही टीव्हीवरच. मी कोणतं खरं मानू?"

मी डबा उचलून पिशवीत टाकला. मग तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. शुगर बरीच वाढली होती. गोळी पुन्हा सुरू करून काही दिवस डोस वाढवावा लागला. त्या दिवशीची गोळी तिने माझ्यासमोर घेतली. मी पाण्याचा ग्लास धरून उभी होते.

पुढच्या मीटिंगमध्ये मी रनडाउनच्या वर एक ओळ टाकली. लायसन्स कार्यक्रमाचं आहे. त्यात दिसणाऱ्या माणसाचा चेहरा, आवाज आणि नाव दुसरीकडे वापरायचं असेल, तर त्या माणसाला विचारावं लागेल.

ढोले सरांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. "म्हणजे ही अट झाली," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "अट."