आमचे इंग्रज कुलकर्णी

आमच्या शारजातल्या वर्कशॉपचे कुलकर्णी इंग्रज होते. पासपोर्टावरचं नाव वेगळं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची ड्रॉइंग करता करता हा माणूस इंग्लंडमधल्या आपल्या चिमुकल्या खेड्याचं दप्तर तोंडपाठ म्हणायचा, म्हणून आम्ही मराठी मंडळींनी ही पदवी दिली. अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की फोनवरही ‘कुलकर्नी स्पीकिंग’ म्हणू लागले.

चहाला बसले की गाव सुरू. कुठल्या पाद्र्याने घंटा विकून चर्चचं छप्पर शाकारलं, कुठल्या दोन घराण्यांचं विहिरीवरून अजून पटत नाही. दापोलीचे हमीदभाई म्हणायचे, “खलास साब, अब आपके गाव में मेरा राशनकार्ड बन जाएगा.”

त्या गावची एक रीत भारी होती. ठरावीक वर्षांनी अख्खं गाव चर्चच्या हद्दीची शीव चालून येई, आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर पोरांना पाय धरून उलटं टांगी, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते. “राहते,” कुलकर्णी गंभीरपणे सांगत, “माझं डोकं अजून दुखतं.”

मग एका नव्या जमीनदाराने गायरानाला कुंपण घालायला घेतलं. गावाची शीव अलीकडेच संपते, असं त्याचं म्हणणं. खरा पुरावा कोपऱ्यातला दगड, तो मातीत गाडला गेलेला. कुलकर्णींची झोप उडाली.

एका शनिवारी त्यांची पुतणी तिथे कुदळ घेऊन उभी राहिली, आणि आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर. “चर्चचा मनोरा ओकच्या झाडाच्या डावीकडे दिसेल तिथे खण,” कुलकर्णी म्हणाले. तिने खणलं. नुसती माती. जमीनदार कुंपणाला टेकून हसत होता. कुलकर्णींकडे बघवेना.

“साब,” हमीदभाई म्हणाले, “आप तो उल्टे लटके थे ना?”

कुलकर्णी थबकले. मग सरळ ओणवे झाले, डोकं गुडघ्यांत घातलं आणि तिथून आमच्याकडे पाहिलं. “उजवीकडे,” ते म्हणाले. “मनोरा उजवीकडे.”

पुतणी सरकली. थोडं खणताच कुदळ खणकन वाजली. जमीनदार गाडीत बसून गेला, आणि आमच्याकडे असा कल्लोळ उठला की शेजारचे गॅरेजवाले धावत आले. कुलकर्णी तसेच ओणवे. रडत होते, आणि पाणी कपाळावरून गळत होतं.

गायरान वाचलं. कुलकर्णी निवृत्त होऊन घरी गेले, आम्हाला फार चुकल्यासारखं झालं. पुढच्या शीवफेरीला गावाने त्यांनाच उचलून त्या दगडावर उलटं धरलं, तो फोटो त्यांनी पाठवला. हमीदभाईंनी तो वर्कशॉपच्या भिंतीवर फिरवून लावलाय: कुलकर्णी ताठ उभे, आणि अख्खं गाव पाय वर करून.