अम्मीच्या श्वासाचा आकडा

बोरी अरबच्या बाजारात जमीरचं दुकान. मोटारपंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर, वजनकाटा, जे बिघडेल ते त्याच्याकडे यायचं. माणूस हुशार, पण हुशारीवर भरवसा जरा जास्तच. दुकानामागच्या खोलीत त्याची आई हलीमा दम्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हाही त्यानं तोडगा काढला तो यंत्राचाच.

आईच्या छातीभोवती त्यानं रबरी पट्टा बांधला. श्वासाबरोबर पट्टा ताणला की तारेतलं व्होल्टेज कमीजास्त होई. यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप; तिला असला चढउतार कळत नाही, आकडा लागतो. म्हणून मधे कन्व्हर्टर. तो घडोघडी व्होल्टेज मोजून आकडा पुढे देई आणि दुकानातल्या छोट्या पडद्यावर तो वरखाली होत राही. आकडा एका जागी थांबला तर भोंगा वाजणार होता.

"मशीन कायले बेटा, तूच बस ना जराक जवळ," हलीमा म्हणायची.

"गिऱ्हाईक उभं हाय अम्मी. मले तिकडूनबी सारं दिसते."

त्या दुपारी त्याची बायको निलोफर दळण आणायला गेली होती. जमीर एका वजनकाट्यात डोकं घालून बसलेला. मधूनच मान वळवी. आकडा हलताना दिसला की त्याचा जीव भांड्यात पडे. निलोफर परतली, आत गेली, आणि तिनं अशी हाक मारली की तो काटा तसाच टाकून आत धावला.

अम्मी थंड पडली होती. तोंड दुकानाच्या दाराकडे होतं. कुशीवर वळताना पट्ट्याची तार निसटली होती.

तार निसटून कन्व्हर्टरची पिन मोकळी राहिली तर ती गप्प बसत नाही. आसपासच्या विजेची कुरकुर पकडते आणि आकडे हलतच राहतात. म्हणून एक रेझिस्टर लावून तिला शून्याशी बांधायचं असतं, म्हणजे तार निसटली की आकडा थांबतो. लोकांच्या यंत्रात जमीर ते कधी विसरला नाही. आईच्या यंत्रात विसरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो फार वाईट असतो.

मय्यत उठायच्या आधी निलोफर त्याच्याजवळ येऊन बसली.

"भोंगा तर वाजला नाई. आकडे चालूच होते ना?"

"चालूच होते. पण ते अम्मीचे नव्हते."



"मंग अम्मी गेल्या कवा?"

जमीरला ते ठाऊक नव्हतं. आता ते कुणालाच कळणार नव्हतं.