मलमलीतली म्हैस

माझा मेव्हणा जगातल्या कोणत्याही गोष्टीकडे सरळ बघत नाही; मध्ये एखादं फडकं असल्याशिवाय त्याला ती खरी वाटतच नाही. चहा आला की आधी कपापुढे रुमाल धरून वाफ निरखणार, मग गार चहा पिणार. एकदा गगनबावड्याहून ओलाचिंब परतला आणि म्हणाला, "दाजी, धुकं आणलंय!" माझ्या बायकोने भावाला विचारलं, "आणि छत्री?" ती तिकडेच राहिली होती. छताला एकामागे एक मलमलीचे पडदे टांगायचे आणि प्रोजेक्टरने त्यांवर हलती चित्रं सोडायची, ही त्याची कला. पुढच्या पडद्यावरचं धुकं झिरपत मागच्यावर उतरतं, त्यातून रस्ता उगवतो, आणि बघणाऱ्याला आपण जागे आहोत की नाही याची खात्री उरत नाही. कापडाच्या दुकानात तो प्रत्येक तागा डोक्यावरून घेऊन दिव्याकडे बघतो. दुकानदाराने मला हळूच विचारलं होतं, "पावणं, ह्यांस्नी बरं न्हाय व्हय?"

यंदाच्या प्रदर्शनात शेवटच्या पडद्यावर सासऱ्यांची म्हैस होती. सासऱ्यांचा जन्म दूधकट्ट्यावर गेला. रस्त्याकडेला म्हशी बांधायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तिथंच हातात द्यायचा. गुडघे गेल्यावर शेवटची म्हैस कागलला एका शेतकऱ्याकडे गेली. तेव्हापासून ते कट्टा टाळून लांबच्या गल्लीने जातात. ती जाण्याआधी मेव्हण्याने तिचं चित्रण करून ठेवलं होतं, त्यांच्या नकळत.

"दाजी, आबांस्नी आणू का नको? दुखलं म्हंजे?" वडिलांविषयी त्याने मला विचारलं.

"आण," मी म्हणालो. मला तरी काय ठाऊक होतं!

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे 'स्मृतीच्या विखंडित अवकाशा'वर बराच वेळ बोलले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सासरे माझ्या कानाशी लागले, "ह्यो कशावर बोलतोय?"

"तुमच्या म्हशीवर, मामा."

"मग तसं म्हणंना का!"

आणि ते उठले. दाराशी चपला काढल्या, गोठ्यातल्या गोणपाटासारखी मलमल बाजूला सारत आत शिरले. त्यांच्या सदऱ्यावरून धुकं गेलं, रस्ता गेला. शेवटच्या पडद्यावर ती भिंतीएवढी, रवंथ करत उभी होती. त्यांनी तिच्या गळ्याखाली खाजवलं. कापड हललं, तशी म्हैसही हलली.

"वाळलीस की गं," ते म्हणाले.

मेव्हणा मागून धावला, त्याच्यामागे मी. "आबा, उजेड पातळ हाय, म्हणून तसं दिसतंय."

"व्हय?" ते पडद्याकडेच बघत होते. "तिकडं पोटभर घालत असतील न्हवं?"

तेवढ्यात चित्रण संपलं, म्हैस विरत गेली आणि पडदा पांढरा झाला. सासऱ्यांचा हात तसाच राहिला.

"येती की परत, आबा. थांबा जरा."

मग आम्ही तिघंही, कोऱ्या मलमलीसमोर, तिची वाट बघत उभे राहिलो.