दोरी पलीकडे देण्याची सवय

आमच्या संघटनेचं बातमीपत्र मी काढते. संघटना नौदलातल्या निवृत्तांची आहे, पण तोफा चालवणाऱ्यांची नव्हे. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, कांदे-बटाटे आणि टपाल नेऊन देणारी जी जहाजं असतात, त्यांच्यावर नोकरी केलेल्यांची आहे. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून जेवढे उरलेत तेवढे सभासद. माझे वडील अशाच एका तेलवाहू जहाजावर कुक होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कांदे चिरले आणि मला बी.ए. केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील गेल्यावर संघटनेनं मला बोलावून सांगितलं, "तू शिकलेली आहेस, आता आमच्या बातम्या तू लिही." ज्या माणसांनी माझ्या पदवीचे पेढे माझ्या वडिलांच्याही आधी वाटले होते, त्यांना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

या माणसांची एक अडचण आहे. आयुष्यभर पुरवठा केल्यामुळे यांना पुरवठ्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. सभेला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. एकदा सगळ्यांनी चहाचे थर्मास आणले आणि कप कुणीच आणला नाही. वर्षातून एकदा स्नेहभोजन असतं, त्यात सगळे वाढायला उभे राहतात, पंगतीत कुणी बसत नाही. स्टेजवर खुर्च्या मांडल्या की अध्यक्ष दारात पाहुण्यांना पाणी देत उभे असतात. बाकीच्या महाराष्ट्रात माणसाला स्टेजवरून उतरवणं अवघड जातं. आमच्याकडे चढवणं अवघड जातं. ही आमची एकमेव ख्याती आहे, म्हणून ती मी प्रत्येक अंकात लिहिते आणि सभासद प्रत्येक वेळी ती खोडायला सांगतात.

बातमीपत्र उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये छापतो. छापखान्याचे सिंधी मालक फार दिलदार आहेत. पहिला अंक बघून ते हळहळले होते.

"मॅडम, इसमें तोप कहाँ है?"

"तोप नहीं है. पाइप है."

"पाइप का फोटो फ्रंट पेज पे कौन देखेगा, साईं? आप बताओ."

आणि त्यांनी आपल्या मनानं, मला न विचारता, इंटरनेटवरची एक भलीमोठी युद्धनौका पहिल्या पानावर टाकली. तिच्यावर कुठल्या तरी परक्या देशाचा झेंडा होता. मी घाबरून सभेत गेले. सभासदांनी भिंग लावून ती नौका नीट पाहिली. तक्रार एकच आली, तीही काळजीच्या सुरात : "एवढी मोठी आहे. हिला तेल कोण देत असेल?"

सारंगकाका या सगळ्यांत वडीलधारे. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहतात, कमी बोलतात. त्यांचं काम त्यांनी मला एकदा ओसरीतल्या सुतळीनं समजावलं होतं. दोन जहाजं शेजारी शेजारी, सारख्या वेगानं चालतात. इकडून बारीक दोरी पलीकडे फेकायची. तिला जाड दोर बांधलेला, दोराला तेलाचा पाइप. पलीकडचे ओढून घेतात. "आपण दोरी हातात ठेवायची नाही," काका म्हणाले, "दिली की मागं सरायचं. ठेवली, तर दोरीबरोबर माणूसही जातो." असं त्यांनी उभा जन्म केलं.

गेल्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला, ज्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात, एक कल्पना सुचली. सव्वीस जानेवारीचं ध्वजारोहण त्यांच्या मंडळाच्या मैदानावर एका माजी नौसैनिकाच्या हस्ते करायचं. निवडणूक जवळ आली की भाऊंना सैनिक आठवतात. अध्यक्षांनी सारंगकाकांचं नाव कळवलं. दोन दिवसांत नाक्यावर बॅनर लागला. वर भाऊ, मधे भाऊ, बाजूला भाऊंचे कार्यकर्ते गॉगल लावून, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मोबाइल नंबरांच्या वर, सारंगकाका. खाली लिहिलं होतं 'समुद्रवीर'. काका ते वाचून म्हणाले, "हे कोण?"

पण काकू मात्र बॅनरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना या दिवसाची किती आस होती ते मला त्या दिवशी कळलं.

"सगळा संसार झाला गं," त्या मला म्हणाल्या, "पण यांना काम करताना मी एकदाही बघितलं नाही. जाऊबाई दर दिवाळीला विचारतात, 'भाऊजी बोटीवर नेमकं काय करायचे?' त्यांचे हे कारखान्यात ऑफिसर होते, सगळं सांगता येतं. मी काय सांगू? पाइप द्यायचे? बाई हसतात. आता येऊ देत त्यांना. बघू देत."

जाऊबाई सोनिवलीच्या नव्या टॉवरमधून आल्या, रिक्षा थेट मैदानात घालून. काकूंनी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची रुमाल टाकून धरली होती. आमचे सभासद आपापले थर्मास घेऊन झाडाखाली उभे होते. सारंगकाका पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, छातीवर संघटनेचा बिल्ला, झेंड्याच्या खांबापाशी. त्यांच्या उजव्या हाताला भाऊ.

निवेदकानं "सात समुद्रांचा सिंह" वगैरे म्हणून घेतलं आणि हात वर केला. काकांनी दोरी हातात घेतली. वर पाहिलं. गाठ कशी बसलीय ते बोटांनी चाचपलं. मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथे एक माणूस तयारीत उभा होता. काकांनी मोठ्या अदबीनं दोरी त्या माणसाच्या हातात दिली आणि ते दोन पावलं मागं सरले.

भाऊ क्षणभर गोंधळले. क्षणभरच. पुढाऱ्याच्या हातात आयती दोरी आली तर ती परत द्यायची नसते, याचं प्रशिक्षण त्यांचंही पक्कं असतं. त्यांनी ओढली. झेंडा उलगडला, पाकळ्या भाऊंच्या डोक्यावर पडल्या, कॅमेरे लखलखले.

आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या आमच्या सभासदांनी. "एकदम साफ गेली लाइन!" निवृत्त टंडेल, म्हणजे काकांच्या हाताखाली काम केलेले, अभिमानानं म्हणाले. आपलं काही चुकलंय हे राष्ट्रगीत संपेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

जाऊबाई उठता उठता काकूंना म्हणाल्या, "भाऊजी छान दिसत होते हो. झेंडा त्या दुसऱ्यांनी फडकवला का?"

काकूंनी रुमाल झटकून पिशवीत घातला. घरी गेल्यावर काकांना जे बोलल्या, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. "आयुष्यभर दिलंत ते दिलंत! आजच्या दिवस तरी स्वतः ओढायचं होतंत!"

आता बातमी लिहायची वेळ माझ्यावर आली. सभेत दोन तट पडले. अध्यक्ष म्हणाले, "पत्र आपलं आहे. सरळ लिहून टाक, सारंग यांच्या शुभहस्ते ध्वजारोहण. वाचणारे कोण, आपणच."

"पण आपण तिथे होतो," टंडेल म्हणाले.

"मग तर वाचणाऱ्याला खरं माहितीच आहे. छापील काहीही चालेल," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, मी टाळ्या वाजवल्यात! त्या कशाला वाजवल्या ते पण लिहायचं का?"

सारंगकाका कोपऱ्यात सगळ्यांना चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "दोरी दिली, असं लिही. दिली ती दिली."

कॉलेजात मला बातमी कशी लिहायची ते कुणी शिकवलं नव्हतं, पण खोटी लिहायची नाही एवढं घरी शिकले होते. खरी लिहावी तर काकूंना ती छापील स्वरूपात दर वेळी कपाट आवरताना सापडणार. मी हेंद्रेपाड्याला गेले आणि सरळ काकूंनाच विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"झाल्यावर छाप," त्या म्हणाल्या.

"काय झाल्यावर?"

"पंधरा ऑगस्ट येतोच आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलंय मी. आणि हो, जाऊबाईंनाही."

ती बातमी मी थांबवली. तिच्या जागी एका सभासदाच्या नातवाचा कराटेतला पट्टा छापला. छापखान्याचे मालक फोटो पाहून खूश झाले. निदान कुणीतरी लढतोय म्हणाले.

पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या आवारात चिखल होता. सेक्रेटरी इस्त्रीचा झब्बा घालून नेमके काकांच्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले. काकू पुढे झाल्या. "तुम्ही जरा त्या बाजूला व्हा हो. तिकडून फोटो चांगला येतो." सेक्रेटरी लगेच गेले. मग काकू स्वतः त्या जागेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. आमच्या सभासदांना त्यांनी आधीच बजावलं होतं, हात मागं बांधून उभं राहायचं, कुणी पुढे यायचं नाही.

काकांनी दोरी घेतली. वर पाहिलं. गाठ चाचपली. आणि उजवीकडे हात केला.

काकू जागच्या हलल्या नाहीत. "काय करताय?" त्या हळूच म्हणाल्या.

"घे ना."

"मी नाही घेत. ओढा."

काका मागं वळून बघू लागले. सवयीनं टंडेल अर्धं पाऊल पुढे आले, अध्यक्षांनी मागून त्यांचा शर्ट धरला. सगळं आवार थांबलं होतं. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय, अडकलंय का?"

"काही अडकलं नाही," काकू वर न बघता म्हणाल्या. "ओढतायत ते."

मग काकांनी ओढली. जरा जास्तच जोरात, जणू पलीकडे जहाज होतं. झेंडा उघडला. ओल्या पाकळ्या अर्ध्या त्याला चिकटून राहिल्या, अर्ध्या काकांच्या टोपीवर पडल्या. आमच्यापैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात मागं बांधायची आज्ञा अजून उठली नव्हती.

राष्ट्रगीत झालं तरी काकांच्या मुठीत दोरी तशीच होती. जाऊबाई चिखल चुकवत जवळ आल्या.

"भाऊजींनी दोरी अजून सोडली नाही का हो?"

"नाहीच सोडणार," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदा करतायत."