काक दा उठल्या नाहीत

पुलाउ नीपाच्या आमदार वान झुबैदा यांना गावात लहानथोर सगळे काक दा म्हणत. काक म्हणजे मोठी बहीण, आणि दा हे झुबैदाचं लाडकं रूप. राजकारणात पडण्याआधी बावीस वर्षं त्यांनी इस्लामी बँकेत कागद तपासले. ही बँक व्याज घेत नाही. तुम्हाला होडी हवी असेल तर बँक आधी ती स्वतः घेते, ताब्यात घेते आणि मग जरा चढ्या भावानं तुम्हाला विकते. सगळं याच क्रमानं झालं का, एवढंच काक दांनी पाहायचं. विक्रीची तारीख खरेदीच्या एक दिवस जरी आधीची निघाली, तरी बाई अख्खा करार परत पाठवायच्या. मॅनेजर त्यांच्या टेबलाला वळसा घालून जात.

असल्या बाईला तिकीट द्यायची बुद्धी पक्षाला कशी झाली, हे एक कोडंच आहे. उमेदवार मिळत नव्हता, हे त्याचं खरं उत्तर. लोकांनी मात्र त्यांना डोळे झाकून मतं दिली, कारण पुरानंतर नुकसानीचे अर्ज भरून द्यायला गावात चटई टाकून बसलेली बाई ती एकच होती. निवडून आल्यावर काक दांनी एकच गोष्ट मागितली: नदीला बांध. दर डिसेंबरला पुलाउ नीपाच्या घरात कमरेएवढं पाणी शिरतं. पक्षानं तीन वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' सांगितलं. चौथ्या वर्षी नुसतं 'बघू' म्हणाले.

त्या वर्षी सरकारचं बहुमत होतं एका आमदाराचं. एकानं उडी मारली की खेळ खलास. पक्ष बदलणाऱ्याला तिकडे बेडूक म्हणतात, आणि बेडकाच्या बायकोपोरांनाही बाजारात डराव डराव ऐकून घ्यावं लागतं.

अशात एका शनिवारी सकाळी विरोधी पक्षाच्या दातो रिद्वाननी काक दांना घरी चहाला बोलावलं. दातो ही तिकडची मानाची पदवी; पण काक दा आणि ते एका शाळेतले. दातोंनी बेत पक्का केला होता. व्हरांड्यात चार पत्रकार, आत केळ्याची भजी, आणि साक्षीदार म्हणून चक्क उस्ताज तालिब. काक दांना कराराचं शास्त्र ज्यांनी शिकवलं तेच हे म्हातारे उस्ताज. त्यांच्यापुढे दिलेला शब्द ही बाई फिरवणार नाही, हे दातोंना पुरतं ठाऊक होतं. काक दांचे यजमान हाशिम मात्र गाडीतच बसून राहिले. "मला त्या घरातला चहा गोड लागत नाही," म्हणाले.

"बांध देतो," दातो म्हणाले. "सरकार आलं की पहिली सही त्याच कागदावर. उस्ताजांसमोर सांगतो. बोल दा, येतेस आमच्याकडे?"

काक दांच्या डोळ्यांपुढे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तांदळाचा डबा डोक्यावर धरणारी सेनाह मावशी आली. आपल्या पक्षाचा रागही आला. आणि तोंडून निघून गेलं, "येते."

"अलहम्दुलिल्लाह!" दातो उठलेच. "चल, बाहेर फोटो काढू."

"बसा हो. कागद कुठंय?"

"कागद कसला? शब्द दिलास ना?"

"कागद वाचल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. बावीस वर्षांची खोड आहे."

दातोंनी नाइलाजानं एक पत्र पुढे केलं. राजवाड्याला, म्हणजे सुलतानाला लिहिलेलं, पाठिंबा देणाऱ्या आमदारांच्या नावांचं; सरकार कुणाचं ते तिथंच ठरतं. त्यात सातवं नाव वान झुबैदा. काक दांनी सवयीनं आधी खाली पाहिलं. राजवाड्याचा पोचेचा शिक्का होता, मंगळवारचा. आज शनिवार.

चार दिवस आधीच आपलं नाव राजवाड्यात जाऊन बसलंय, आणि आपण इथं आत्ता हो म्हणतोय! बांधाचं वचनही असंच पोकळ असेल कोण जाणे. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तीन हजार लोकांनी एका बाजूला बसवलं, आणि आपण भज्यांच्या ताटासमोर दुसरीकडे सरकलो.

दातोंचा फोन वाजला. ते खिडकीशी जाऊन बोलून आले. "चल दा, लोक खोळंबलेत."

"चहा संपू दे."

"निदान बाग तरी बघ. ऑर्किड लावलीत."

"गुडघे दुखतात माझे."

"मग जेवायला तरी आत चल!"

"दहा वाजता?"

दातोंच्या कपाळावर आठ्या चढल्या. काक दांनी पत्र उस्ताजांपुढे सरकवलं. "उस्ताज, तुम्हीच शिकवलंत. सौदा झाला तरी बैठक मोडेपर्यंत दोघांपैकी कुणालाही मागे फिरता येतं. खरं ना?"

"खरं."

"मग मी मागे फिरते. मी येत नाही."

दातोंच्या तोंडचं पाणी पळालं. "बैठक तर केव्हाच मोडली! मी फोनवर बोलायला उठलो होतो!"

उस्ताजांनी भजं खाली ठेवलं, बोटं पुसली. "खिडकीशी गेला होतात. याच खोलीत. निरोपाचा सलाम झाला का? नाही. बैठक चालू आहे." मग ते काक दांकडे वळले आणि आवाज कडक झाला. "पण दा, ती मुभा खरेदी-विक्रीत असते. दिलेला शब्द म्हणजे सौदा नव्हे. तो असा फिरवता येत नाही."

खरंच होतं ते. क्षणभर काक दांना वाटलं, संपलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मग दातोंनाच विचारा ना, ही खरेदी होती की नाही. बांध देतो, तू ये. खरेदी असेल तर मला मागे फिरायची मुभा आहे. नसेल, तर दातो, चार दिवसांपूर्वी माझं नाव कुठल्या हक्कानं पाठवलंत? दार उघडंच आहे. जरा मोठ्यानं सांगा, पत्रकारांनाही ऐकू दे."

दातोंनी दाराकडे पाहिलं. एक पत्रकार वही उघडून उंबऱ्याशीच उभा होता. शेवटी त्यांनी हात टेकले. "भजी खा, दा," म्हणाले.

उस्ताज हसले नाहीत. "नाव आधीच पाठवून शब्द मागितला, त्यात कपट आहे," एवढंच म्हणाले. "पोरी, तू मोकळी आहेस. पण हो म्हणालीस, हे लपवू नकोस."

काक दांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भजी खाल्ली, चांगली तीन. मग सलाम करून उठल्या. पत्रकारांनी विचारलं, बाजू कुठली? "लोकांनी जिथं बसवलं तीच," म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मात्र हुंदका फुटला आणि त्यातच हसू आलं. हाशिम घाबरले. "अगं, काय केलंस?" "पाऊण तास बेडूक झाले होते हो," काक दा म्हणाल्या.

सरकार टिकलं. बांध झाला नाही.

त्या चहाच्या दुसऱ्याच दिवशी पुलाउ नीपात एका लग्नाची केंदुरी होती, म्हणजे अख्ख्या गावाचं जेवण. काक दांना तिथं जायची भीती वाटत होती, दातोंच्या घरी वाटली नव्हती एवढी. तरी गेल्या. मांडवात बायका मटणाच्या रश्शाच्या कढयांभोवती बसल्या होत्या, त्यांच्यात बसून सगळं सांगितलं. मी हो म्हणाले होते, बांधासाठी म्हणाले होते, आणि तो शब्द मीच मागे घेतला. यंदाही पाणी येणार.

सेनाह मावशी भात वाढत होती, तिचा हात थांबला.

"म्हणजे बांध हातातोंडाशी आला होता?" तिनं विचारलं.

"आला होता, मावशी. निदान ते तसं म्हणत होते."

"हं." मावशीनं डाव पुन्हा भातात घातला, काक दांचं ताट शिगोशीग भरलं, त्यावर हाडासकट मटणाचा मोठा तुकडा ठेवला. "खा. गेली असतीस तरी वाढलंच असतं म्हणा, दारी आलेल्याला उपाशी कोण ठेवतं? पण मी बोलले मात्र नसते तुझ्याशी."

मग ती काक दांना खेटून बसली आणि नवरीच्या सासूबद्दल बोलायला लागली. ते दुपारपर्यंत काही थांबलं नाही.