सर्वांत धोकादायक वस्तीतल्या नोंदबाई

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. वस्तीत सगळे त्यांना नोंदबाई म्हणत, तेही पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. पोलीस चौकीत शिरलं की डाव्या हाताला त्यांचं टेबल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, नाहीतर लिहिताना ते डुगडुगायचं. टेबलावर जाड रजिस्टर आणि दोन पेनं. एक त्यांचं लिहायचं, दुसरं लोकांनी सही करून चुकून खिशात घालून न्यायचं. चौकीतून पेनं चोरीला जातात याचीही नोंद त्यांनी केलेली होती, तारखांसकट.

समोरच्या खुर्चीत जो बसेल त्याचं म्हणणं नोंदबाई लिहून घेणार म्हणजे घेणारच. मग तो मोटारसायकल गेली म्हणून आलेला असो, नाहीतर पायपुसणं.

"कसलं होतं पायपुसणं?"

"हिरवं."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

पलीकडे बसलेल्या हवालदारांना चहाचा ठसका लागायचा. "बाई, पायपुसण्यासाठी काय नाकाबंदी करायची का?" नोंदबाई मान वर न करता म्हणायच्या, "गेलंय ना? मग लिहायला नको?"

या हट्टामागे कारण होतं. नोंदबाई दहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईचं शिवणयंत्र घरातून गेलं. आई त्यांना हाताला धरून चौकीत घेऊन गेली. तिथला माणूस "मिळालं तर कळवू" म्हणाला आणि दात कोरत बसला. आई बराच वेळ तशीच उभी राहिली, तो पेन उचलेल म्हणून. यंत्र गेल्याचं दुःख ती पुढे विसरली. पण आपण उभ्या राहिलो आणि त्याने दोन शब्द लिहिले नाहीत, हे तिला मरेपर्यंत लागून राहिलं. चौकीत नोकरी मिळाली तेव्हा नोंदबाईंनी लिहिण्याचंच काम मागून घेतलं. साहजिकच ते त्यांना लगेच मिळालं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी वर्तमानपत्रात शहरातल्या गुन्ह्यांचा तक्ता छापून आला. वस्तीचा नंबर पहिला! तीन महिन्यांत एकशे त्र्याऐंशी तक्रारी. पुलापलीकडच्या वस्तीत फक्त चार.

वस्तीचं धाबं दणाणलं. ज्यांनी जन्मात कधी दाराला कडी लावली नव्हती ते कुलपं घेऊन आले. रहिवासी संघाचे अध्यक्ष तरातरा चौकीत आले.

"बाई, तुम्ही आमचं नाक कापलंत! पाहुणे यायला घाबरतात. हे किरकोळ काहीबाही लिहिणं बंद करा."

"बरं. मग तुमच्या चोरीला गेलेल्या दोन कुंड्या खोडून टाकू?"

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "त्या राहू द्या," म्हणाले. "त्या महागातल्या होत्या."

हसण्यावारी न्यायचं प्रकरण मात्र नव्हतं. दोन दिवसांनी हवालदारांनी खालच्या आवाजात बातमी दिली. सोमवारी मोठे साहेब येणार होते. नोंदबाईंना भांडारात पाठवायचं घाटत होतं, जप्त केलेल्या गंजक्या सायकली सांभाळायला. बदलीचा कागद तयार होता, फक्त सही राहिली होती. भांडारात ना खुर्ची समोर, ना खुर्चीत माणूस.

नवरा बस चालवायचा, डोकं थंड ठेवायची त्याला सवय. तो म्हणाला, "अगं, थोडं कमी लिही. मोठ्या चोऱ्या घे, पायपुसणी सोड. आपल्या घरातला हरवलेला मोजासुद्धा तू सोडत नाहीस."

नोंदबाईंना ते पटलं. शनिवारी एक म्हातारे गृहस्थ आले. दवाखान्याबाहेर टेकवून ठेवलेली त्यांची काठी कुणीतरी उचलून नेली होती. नोंदबाईंनी रजिस्टर उघडलंच नाही. "बघू हं आजोबा," म्हणाल्या. आजोबा "बरं" म्हणाले, पण गेले नाहीत. भिंतीला हात टेकून उभेच राहिले. नोंदबाईंनी जेमतेम दोन मिनिटं तग धरला. मग स्वतःवरच चरफडत रजिस्टर उघडलं. "बसा आजोबा. मूठ कसली होती काठीची?"

सोमवारी साहेब आले. धिप्पाड, इस्त्रीचे कपडे, कपाळाला आठ्या. नोंदबाईंच्या समोरच्या खुर्चीत न बसता त्यांनी उभ्याउभ्याच तोफ डागली. "एकशे त्र्याऐंशी! आणि पुलापलीकडे चार! त्यांना जमतं, तुम्हाला का जमत नाही?"

नोंदबाई उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात दारात एक बाई आली. घामाघूम, चपला धुळीने माखलेल्या. वर्दीतल्या साहेबांना बघून दचकली, पण मागे फिरली नाही.

"शेगडी गेली हो माझी. ओट्यावरून उचलून नेली."

"राहता कुठे?" साहेबांनीच विचारलं.

"पुलापलीकडे."

"मग इकडे कशाला आलात? तुमची चौकी तिकडे आहे."

"तिथे गेले होते. ते लिहून घेत नाहीत. म्हणतात, आमच्याकडे चोऱ्या होत नाहीत." बाईने नोंदबाईंकडे बोट दाखवलं. "या लिहून घेतात. आमच्या चाळीतले सगळे इथेच येतात."

नोंदबाईंनी शेगडी लिहून घेतली, दोन बर्नरची, एक बिघडलेला. बाई सही करून गेली. साहेबांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पहिल्यांदाच बेरीज सोडून पानं वाचली. हद्दीच्या रकान्यावरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं. पुलापलीकडे. बाजारपेठ. पुन्हा पुलापलीकडे. स्टेशनमागे. या वस्तीच्या तक्रारी निघाल्या एकेचाळीस, त्याही अध्यक्षांच्या कुंड्या धरून.

"हे वर का कळवलं नाहीत?"

"दर महिन्याला कळवते, साहेब. वर फक्त बेरीज बघतात."

हवालदार चहा आणायच्या निमित्ताने सटकले. साहेब हळूच खुर्चीत बसले. धिप्पाड माणूस, पण त्या खुर्चीत बसल्यावर इतरांसारखाच दिसायला लागला.

"आमच्या मंडळींची सायकल गेली," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात. पोलीस वसाहतीतून."

"तक्रार कुठे दिलीत?"

"दिलीच नाही. मीच तिला म्हटलं, गप्प बस, वसाहतीचं नाव खराब होईल." त्यांनी घसा खाकरला. "तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही."

नोंदबाईंनी नवी ओळ घेतली. "रंग?"

"निळा. पुढे टोपली."

"शेवटची कधी पाहिली होती?"

साहेब विचारात पडले. "ते तिलाच माहीत."

"मग त्यांनाच घेऊन या. त्यांचं त्यांनी सांगितलेलं बरं." नोंदबाईंचं पेन कागदावर थांबलं. "उद्या मी इथे असेन ना, साहेब?"

साहेबांनी बॅगेतून बदलीचा कागद काढला, फाडून चार तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

"दहाला येतो आम्ही," ते म्हणाले. "ती बरीच बोलेल. सगळं लिहून घ्या."