टिकली लागली

आमच्या बाथरूमच्या आरशावर कायम टिकल्या असायच्या. आंघोळीच्या आधी बायको कपाळावरची टिकली काढून आरशावर चिकटवायची आणि बाहेर आली की पाकिटातली नवीन लावायची. जुनी बिचारी तिथेच राहायची. बायको उंचीने कमी, त्यामुळे सगळ्या टिकल्या माझ्या हनुवटीच्या पातळीला. दाढी करताना नेमक्या मध्ये यायच्या. रविवारी मी ब्लेड घेऊन आरसा खरवडायचो आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचो, की हा आरसा आहे का सोसायटीचा नोटीस बोर्ड. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, तोंड बघण्यापुरती जागा आहे ना तुम्हाला? मग झालं."

ती गेली तेव्हा आरशावर एकच टिकली होती. मरून रंगाची, मखमली, बारीक. त्यानंतर मी आरसा खरवडला नाही. भावनेने वगैरे नाही. रविवार आला तरी तो रविवार आहे हे मला कळायचं नाही, एवढंच.

लोक विचारायचे, कसं वाटतंय. काय सांगणार? दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं. चहा गरम आहे एवढं कळायचं, गोड आहे की नाही ते कळायचं नाही. मुलगी बंगळुरूला असते. ती रोज फोन करून जेवलात का विचारायची आणि मी रोज हो म्हणायचो. सांत्वनाला आलेली माणसं रडायची आणि मीच त्यांना पाणी आणून द्यायचो. बाराव्याला माझा भाऊ म्हणाला, किती खंबीर आहेस रे तू. मी कसला खंबीर? मी बधिर होतो.

अशा अवस्थेत असताना बाईंचा फोन आला. बाई म्हणजे चित्रकलेच्या बाई. बोरिवलीत स्वतःच्या घरी रविवारी क्लास घेतात. बायको त्यांच्याकडे बरीच वर्षं जात होती. मी साकीनाक्याला एका युनिटमध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवण्यात जन्म काढला, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण तिला आवडायचं, आणि रविवारी दुपारी घर मला एकट्याला मिळायचं, म्हणून माझी काही हरकत नव्हती.

क्लासमधली मंडळी दर वर्षी एकत्र येऊन प्रदर्शन भरवतात. ही मंडळी एकमेकांबरोबर कशी टिकलीत हे एक कोडंच आहे. ट्रॉम्बेहून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ आहेत, ते फक्त त्रिकोण काढतात. दिंडोशीच्या कोर्टात टायपिंग करणारा एक जण पेन्सिलने म्हाताऱ्या माणसांचे चेहरे काढतो, एकेक सुरकुती मोजून घ्यावी असे. आणि एक कोळीण आहे. सकाळी मार्केटात मासळी विकते आणि दुपारी प्लायवूडवर ऑइलपेंटने होड्या रंगवते. तिच्या होड्या इतक्या भडक असतात की शास्त्रज्ञ आपले त्रिकोण तिच्या शेजारी लावू देत नाहीत. यावरून त्या दोघांचं दर वर्षी भांडण होतं आणि दर वर्षी ते शेजारीच लागतात. माझी बायको या सगळ्यात वॉटरकलरवाली. घरातल्या वस्तू काढायची. कुकर, दूधपिशवी, बाल्कनीतली तुळस.

टिकलीची पद्धत तिनेच पाडली होती. चित्र विकलं गेलं की खाली नावाची पट्टी असते तिच्यावर लाल ठिपका लावतात. पहिल्या वर्षी बाई ते ठिपके घरी विसरल्या, तेव्हा हिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. तेव्हापासून या मंडळींत चित्र विकलं असं कोणी म्हणत नाही. टिकली लागली म्हणतात. आता बाई त्यासाठी वेगळं पाकीट आणून ठेवतात, मोठ्या लालभडक टिकल्यांचं. कोळणीच्या होड्यांना पहिल्याच दिवशी टिकल्या लागतात. त्रिकोणांनासुद्धा लागल्यात. हिच्या चित्राला कधीच लागली नाही. ती हसून म्हणायची, माझ्या कपाळावर आहे ती पुरे. पण प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी चित्र परत घरी आणताना रिक्षात ती माझ्याशी बोलायची नाही, बाहेर बघत बसायची. क्लासमध्ये तिने सांगून ठेवलं होतं, माझ्या चित्राला टिकली लागेल त्या दिवशी सगळ्यांना पियुष.

तर बाईंचा फोन. तिचं शेवटचं चित्र क्लासमध्येच राहिलंय, यंदाच्या प्रदर्शनात लावू का? मी म्हटलं, लावा. विक्रीला ठेवू? म्हटलं, ठेवा. नाव काय देऊ? म्हटलं, तुम्हीच बघा. कुणी मला त्या दिवसांत विचारलं असतं, तुमचं घर पाडू का, तरी मी पाडा म्हटलं असतं.

प्रदर्शन नेहमीसारखं नाट्यगृहाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. मी गेलो, कारण न जाण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं. चित्र दाराजवळच्या भिंतीवर होतं. आमच्या बाल्कनीच्या ग्रीलमधली कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर तिचा निळा गाऊन, एक टॉवेल आणि माझं बनियन. बनियनला काखेत भोक होतं, तेसुद्धा तिने निगुतीने काढलं होतं. मला राग आला. सगळ्या बोरिवलीला दाखवायला हिला माझं फाटकं बनियनच मिळालं? ती असती तर घरी जाऊन चांगलं सुनावलं असतं. मग आठवलं, आणि राग जिथून आला होता तिथे गेला.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिलो. संध्याकाळी एक मुलगी आली. तिशीची असेल, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सगळा हॉल फिरून ती परत त्या दोरीसमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ. मग बाईंशी काहीतरी बोलली आणि गेली. बाई लगबगीने माझ्याकडे आल्या. "मुलुंडला राहते. नवीन घर घेतलंय. उद्या नवऱ्याला दाखवायला आणते म्हणाली. टिकली लागणार बहुतेक." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत होतो. हनुवटीचा साबण पुसला आणि आरशात साबणाच्या जागी ती मरून टिकली दिसली. रोज दिसायची, पण त्या दिवशी मी थांबलो. मनात फक्त एवढंच आलं, की नाही द्यायचं. मुलुंडच्या कोणाच्या भिंतीवर आमची दोरी जाणार नाही. दुःख वगैरे नव्हतं ते. लहान मूल हातातलं खेळणं घट्ट धरतं, का ते त्याला सांगता येत नाही, तसं काहीतरी. बाईंना फोन करून नाही म्हणता आलं असतं. पण मग त्या का विचारणार, समजूत काढणार, कदाचित रडणार, आणि पाणी मला आणावं लागणार. मी नखाने टिकली अलगद सोडवली, मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली आणि निघालो.

हॉल नुकताच उघडला होता. आत फक्त झाडणारा माणूस होता. मी चित्राखालच्या पट्टीवर टिकली लावली. ती राहीना. तिचा गोंद केव्हाच सुकला होता. बाईंच्या टेबलावर गोंदाची बाटली होती, त्यातला थेंब घेतला आणि टिकली बोटाने दाबून धरली. चिकटली. मग मी काहीच न झाल्यासारखा जाऊन खुर्चीत बसलो. विकलं गेलेलं चित्र कोणी विकत मागत नाही. मला वाटलं, संपला विषय.

पण विषय तिथे सुरू झाला. मार्केट आटपून कोळीण आली आणि दारातच ओरडली, "अगं बाय, टिकली लागली!" सगळे धावले. कोर्टवाल्याने टाळ्या वाजवल्या. शास्त्रज्ञ, जे कधी कोणाला हात लावत नाहीत, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाईंना वाटलं, त्या नसताना कोर्टवाल्याने विक्री केली. कोर्टवाल्याला वाटलं, बाईंनी केली. सगळे इतके खूश होते की कोणी कोणाला विचारलंच नाही. "पियुष राहिलंय हां भावोजी," कोळीण म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी मान हलवली. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही, नुसतं गप्प बसून काम झालं.

दुपारी ती मुलगी नवऱ्याला घेऊन आली. चित्रासमोर गेली आणि टिकली दिसताच तिचा चेहरा पडला.

"गेलं?" तिने विचारलं. मी सगळ्यात जवळ बसलो होतो, म्हणून मलाच विचारलं.

"हो."

"काल घ्यायला पाहिजे होतं यार," ती नवऱ्याला म्हणाली. "बघ ना, मी तुला सांगत होते ते हे. त्या बनियनला दोन चिमटे लावलेत. टॉवेलला एक. आणि गाऊनला एकही नाही. त्याच्या बाहीची गाठ मारलीय दोरीला. म्हणजे चिमटे कमी पडले असणार, आणि तिने आधी त्याचं बनियन धरून ठेवलं."

नवरा वाकून बघायला लागला. मीही खुर्चीतून उठून बघितलं. खरंच होतं. काल संध्याकाळभर मी त्या चित्रासमोर बसून होतो आणि मला फक्त भोक दिसलं होतं. आमच्या ग्रीलवर वारा फार. चिमटे तुटायचे, खाली पडायचे, आणायचं राहून जायचं. ती गाऊनला गाठ का मारते असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझं बनियन कधी उडालं नव्हतं एवढं मात्र आठवलं.

तेवढ्यात कोळीण माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिची नजर चित्रावर नव्हती, खालच्या पट्टीवर होती.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "ही टिकली बाईंच्या पाकिटातली नाय."

मी पट्टी झाकायला पुढे सरकलो.

"ही तर तिची. मखमलीची. तू लावलीस?"

"हो."

मला वाटलं आता ही सगळ्यांना सांगणार. तिने नाही सांगितलं. आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "तुला ठेवायचं तर ठेव, तुझं घर, तुझी बायको. पण तिला खरी टिकली पायजे होती रे. दर वर्षी माझ्या होड्यांकडे बघायची ना, मला कळायचं. आज खरी लागतेय तर तू खोटी लावून बसलास."

मला तिचा संताप आला. माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. ती मुलगी नवऱ्याबरोबर दारापर्यंत पोचली होती. त्या घटकेला मी गप्प बसलो असतो तर चित्र आज माझ्या घरी असतं, आणि खरं सांगतो, अजूनही काही संध्याकाळी वाटतं की गप्प बसायला हवं होतं.

मी हाक मारली, "ओ ताई, गेलं नाही ते. टिकली चुकून लागलीय. तुम्हीच घ्या."

ती परत आली. माझ्याकडे, मग चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. तिला काहीतरी कळलं असावं. "काका, तुम्हाला ठेवायचं असेल तर आमचं काही..."

"घ्या म्हटलं ना," मी खेकसलोच. मग जरा सांभाळून म्हटलं, "बाल्कनीच्या बाजूला लावू नका. ऊन लागून रंग उडेल."

बाई आल्या, सगळा उलगडा झाला. त्या पाकीट उघडून लाल टिकली काढायला लागल्या. मी म्हटलं, राहू दे, तीच असू दे. मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यांना पियुष आणलं. त्या मुलीला आणि तिच्या नवऱ्यालाही दिलं. एक ग्लास जास्त आला होता, तो कोळणीने प्यायला. पियुष गोड होतं. ते मला कळलं, आणि कळल्याचं आश्चर्य वाटलं.

प्रदर्शन संपल्यावर चित्र मुलुंडला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरसा अगदी मोकळा होता. तोंड बघायला भरपूर जागा. मी कपडे धुतले. इतके दिवस मी ते कसेही दोरीवर फेकत होतो, उडाले तर उडाले. त्या दिवशी ग्रीलला टांगलेला चिमट्यांचा डबा काढला. तळाला थोडेच उरले होते. बनियन झटकलं, दोरीवर टाकलं, एका खांद्याला एक चिमटा लावला, दुसऱ्या खांद्याला दुसरा. आणि मग ग्रील धरून उभ्या उभ्या रडलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा, आणि चांगला हमसून रडलो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीतून मान वर केली. "अहो, पाणी पडतंय वरून."

"हो," मी म्हटलं. "नीट पिळलं नाही मी."